चौदा नंबरचा पट्टा

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार

आले एकदाची मोहतळ्याला. पवनीहून नऊ किलोमीटर, पण एसटीला पाऊण तास लागला, कारण वाटेत कंडक्टरने गाडी थांबवून मेहुण्याच्या शेतातली वांगी चढवली. गाडीत कोणी हूं की चूं केलं नाही. उतरताना त्याने मलाही चार वांगी दिली, नवीन म्याडम म्हणून. सुरुवात वाईट नाही.

खोली रिटायर मास्तर मधुकरराव यांच्या घरात आहे. दार वेगळं, पुढे छोटी पडवी आणि खिडकीतून सरळ गावचा तलाव. एवढा मोठा की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. मास्तरांच्या बायकोने, उषाबाईंनी, पोचल्या पोचल्या विचारलं लग्न झालं का. नाही म्हटल्यावर विचारलं काहून नाही. मी हसून सोडून दिलं तेव्हा कुठे चहा मिळाला. छत्तीस वर्षांच्या बाईला हे प्रश्न तोंडपाठ असतात.

वांग्यांची भाजी केली, छान झाली. सांगायला कोणी नव्हतं म्हणून इथे लिहितेय. आई होती तोवर रोज रात्री फोनवर तिला सगळं सांगायचे, काय खाल्लं इथपासून. बाबांनी जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं, मग बाबा गेले, मग गेल्या वर्षी आई. ही वही त्या रोजच्या फोनच्या जागी आहे.

९ नोव्हेंबर

कामाचं लिहून ठेवते. आमच्या संस्थेने या गावातली चोवीस माणसं निवडली आहेत. सगळी पंचेचाळीसच्या पुढची आणि दिवसभर बसून असणारी. दुकानदार, शिंपी, रिटायर लोक, गुडघे धरलेल्या बायका. प्रत्येकाच्या मनगटावर एक रबरी पट्टा बांधायचा. पट्टा पावलं मोजतो. माझ्या टॅबवर चोवीस नावं आहेत, प्रत्येक नावापुढे आकडा. आकडा वाढला की मी शाबासकी द्यायची, नाही वाढला की मागे लागायचं. मागे लागणं मला जन्मजात येतं.

एकच कटकट आहे. पट्ट्यातला आकडा टॅबमध्ये उतरायला दोघं दहा पावलांच्या आत यावे लागतात. पट्टा जवळ आला की त्या नावाची ओळ हिरवी होते, लांब गेला की करडी. त्यामुळे रोज घरोघर जाणं आलं. चोवीस जणांना चालवता चालवता मीच आठ हजार पावलं चालते.

लबाडीही सुरू झाली आहे. मास्तर ओसरीवर बसून पट्ट्याचा हात झटकतात आणि पेपर वाचतात. काल त्यांची चार हजार पावलं झाली, सगळी संपादकीय वाचताना.

१२ नोव्हेंबर

चौदा नंबरचा पट्टा मंगरू मारबते यांचा. वय साठच्या आसपास, ढीवर, म्हणजे या तलावात मासे धरणारं घर. आज त्यांची पावलं एकशे बारा. कालही तेवढीच. खाटेवरून उठायचं, मोरीपर्यंत जायचं, परत यायचं. मी नेहमीचं भाषण दिलं, साखर, रक्तदाब, सांधे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पट्टा हातात हाये ना म्याडम, मंग पाय कायले?" मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत.

त्यांची बायको जमुनाबाई मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा लिलाधर अडकलेलं जाळं सोडवायला तलावात उतरला तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशी बापानेच काढला. तेव्हापासून मंगरूंनी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाऊल ठेवलेलं नाही. जाळं आता जमुनाबाईच टाकते, मासोळीही तीच विकते. मला म्हणाली, "तुमी चालवा माय याले. मह्याच्यानं नाई होत."

मी शब्द दिला. आईसारखीच तिची ठेवण आहे, कमरेवर हात ठेवून बोलते. मंगरूंना चालवलं नाही तर नाव सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर

चौदा नंबर, नऊ हजार चारशे! काल रात्री त्यांच्या दारावरून जाताना टॅबमध्ये उतरलेला आकडा आज सकाळी पाहिला आणि मी चपला न घालता पळाले. बघते तर मंगरू खाटेवरच, मनगट रिकामं, आणि जमुनाबाई पदरात तोंड लपवून हसतेय. काल तिने तो पट्टा जाळं तरंगत ठेवायच्या प्लास्टिकच्या बाटलीला बांधला होता. दिवसभर पाणी हललं, पट्ट्याने पावलं मोजली. संध्याकाळी तो घरी आणून ठेवला आणि आज परत बांधून आली. म्हणाली, तो तं उठून नाई राहिला, मी म्हटलं पाण्याचंच लिहून घेईन तुमची मशीन. नवऱ्याला रोज बोलणी बसू नयेत म्हणून केलेली लबाडी. माझ्याने रागावणं झालं नाही. उद्या सोडून आणा, एवढंच म्हटलं.

१८ नोव्हेंबर

पट्टा गेला. सकाळी जाळं ओढलं तर एका बाजूने फाटलेलं होतं, बाटली आणि पट्टा दोन्ही नाहीत. जमुनाबाई चोर पकडल्यासारखी उभी होती. तलाव तिथे दोन पुरुष खोल आहे. लिलाधर गेला तीही तीच जागा, असं तिने नंतर, मी निघताना सांगितलं.

ऑफिसला कळवून टाकलं, चौदा नंबर हरवला. माझ्याजवळ चार जादाचे आहेत.

१९ नोव्हेंबर

धानकापणी जोरात आहे. सकाळी आठनंतर गावात चिटपाखरू नसतं, फक्त माझी बसून असणारी माणसं आणि मी. रोज सहा वाजता खांद्याला टॅबची पिशवी अडकवून पाळीवर एक फेरी मारते. आज परत येऊन टॅब उघडला तर चौदाची ओळ हिरवी. तीन हजार एकशे सोळा.

कोणाला तरी सापडला असणार. दिवसभर विचारत फिरले. कोणालाच माहीत नाही.

२१ नोव्हेंबर

आजही. सकाळी सहा ते सात या वेळेतली पावलं, माझ्या फेरीच्या वेळेतली. मास्तरांना विचारलं, ते शपथेवर नाही म्हणाले, आणि ते खोटं बोलतात तेव्हा त्यांच्या मिशा हलतात, त्या हलल्या नाहीत.

पाळीवर मध्येच थांबले, टॅब काढला. ओळ हिरवी. आकडा स्थिर. दहा पावलं चालले आणि पाहिलं. आकडा दहाने वाढला. मागे कोणी नव्हतं. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला उतार.

२३ नोव्हेंबर

आज दुपारी बारा वाजता मुद्दाम मास्तरांच्या कापलेल्या बांधीत जाऊन उभी राहिले. चहूबाजूंनी नुसती धानाची खुंटं, लपायला उंदरालाही जागा नाही. लांब, दोनेकशे पावलांवर, बायका पेंढ्या बांधत होत्या. टॅब उघडला.

हिरवी.

वीस पावलं चालले. वीस. बसले. थांबला. उठून गोल फिरले, वेड्यासारखी, तीस पावलं. तीस.

आमच्या घरात भूत-प्रेत हा शब्द कोणी काढला तर बाबा त्याला उठवून बाहेर पाठवत. मीही तशीच आहे. म्हणून ऑफिसला फोन केला. सरांनी सांगितलं टॅब बिघडला असेल, बंद करून चालू करा. केला. हिरवी.

२५ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायला लाज वाटते पण लिहिते. मला भीती वाटायला हवी तेवढी वाटत नाही. मी चालले की कोणीतरी चालतं, थांबले की थांबतं. या गावात सगळे माझ्याशी गोड बोलतात आणि दार लावून घेतात, त्यांची चूक नाही, दमलेली असतात. उषाबाई डबा देतात पण बसा म्हणत नाहीत. आई गेल्यापासून, दीड वर्षात, माझ्यासाठी कोणी थांबलेलं नाही. काल पाळीवर मी त्याच्याशी बोलले. भाजीत मीठ जास्त झालं, एवढंच.

पण हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. पोटात मावत नव्हतं. आज दुपारी मंगरूंकडे बसले होते, जमुनाबाई बाजाराला गेलेली, आणि मी सांगून टाकलं. सगळं. बांधीतलंसुद्धा.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं कोणत्या वेळेस चालते. सहाला, मी म्हटलं. "लिलाधर सकायी साहालेच जाये," म्हणाले. मग उठून बसले आणि पायाने चपला शोधायला लागले.

२६ नोव्हेंबर

मंगरू पाळीवर आले. तीन वर्षांनी. मी त्यांना जादाचा पंचवीस नंबर बांधला आणि ते माझ्यासोबत पूर्ण फेरी चालले, काठी टेकत. दोन हजार दोनशे. लोक शेताकडे जाता जाता थांबून बघत होते. मला रडू आलं, आनंदाने. मी शब्द पाळला.

२९ नोव्हेंबर

मंगरू : पाच हजार आठशे. आता ते मला बोलावतही नाहीत, आधीच जाऊन येतात. दुपारीही जातात. ऑफिस खूश आहे. एक तारखेला सर स्वतः येणार, मंगरूंचा फोटो काढणार, पुस्तिकेत छापणार.

संध्याकाळी जमुनाबाई आली. पडवीत बसली नाही, उभ्यानेच बोलली. मंगरू घरी जेवत नाहीत, भाकर फडक्यात बांधून पाळीवर नेतात. दोन भाकरी नेतात. काल साडीला काही ओलं लागलं म्हणून पाहिलं तर त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्याले सांगा मशीन खोटी हाये. तुमचं आयकते तो. माह्या घरात एकच माणूस उरला हाये, पोरी."

सांगते म्हटलं. एक तारीख होऊ दे, मग सांगते, हे मात्र तिला म्हटलं नाही. मनात म्हटलं.

१ डिसेंबर

फोटो झाला. मंगरू हसले फोटोत, मी पहिल्यांदाच पाहिलं. सरांनी टॅब बघून विचारलं, चौदा आणि पंचवीस दोघांचा आकडा सारखाच कसा, सहा हजार चारशे दोन आणि सहा हजार चारशे दोन. मी म्हटलं बिघाड आहे. सर म्हणाले बरं, गाडीत बसले, गेले.

उद्या सकाळी नक्की सांगते मंगरूंना. काय सांगायचं ते जुळवून ठेवलंय.

२ डिसेंबर

सहाला पाळीवर गेले. मंगरू पुढे होते, शंभरेक पावलं. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, हात केला, काठी खाली ठेवली आणि पायऱ्या उतरल्यासारखे उतरत गेले. घाई नाही. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला, कोणाचा तरी हात धरावा तसा.

मी धावले. मला पोहता येत नाही. ओरडले. लोक शेतावर होते.

दहा वाजता काढलं त्यांना. जमुनाबाईने माझ्याकडे पाहिलं.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

मंगरूंच्या मनगटावरचा पट्टा जमुनाबाईने काढू दिला नाही. चितेवर त्यांच्यासोबत तोही गेला. रबर जळल्याचा वास मला आला. मी बायकांमध्ये उभी होते, लांब.

माझ्यामुळे झालं. एक तारखेच्या फोटोसाठी मी दोन दिवस थांबले.

४ डिसेंबर

सकाळी फेरीला गेले नाही. दार लावून बसले. दहा वाजता मोरीपर्यंत गेले, परत आले, टॅबकडे लक्ष गेलं.

चौदा हिरवी. पंचवीस हिरवी.

पंचवीस नंबर जळाला. मी स्वतः पाहिलं.

५ डिसेंबर

एक फरक पडला आहे. आधी माझ्या दहा पावलांना त्यांची दहा. आज खोलीत मोजून दहा पावलं चालले. त्यांची अकरा.

परत करून पाहिलं. अकरा.

म्हणजे दर खेपेला एक पाऊल जवळ —

६ डिसेंबर

आज पवनीच्या विहारात जायचं होतं, बाबांनी एकही सहा डिसेंबर चुकवला नव्हता. गेले नाही. चालायचं नाही असं ठरवलंय.

जमुनाबाई आली, पडवीत चटई टाकून बसली. रागावलेली नाही. त्यानेच जास्त वाईट वाटतं. काल मी मास्तरांना आकडे दाखवले होते, त्यांच्याकडून तिला कळलंय. विचारते, आज किती चालले दोघं. मी नाही सांगत. मग तीच टॅब ओढून घेते, आकडे वाचता येतात तिला, मासोळीच्या हिशेबाने. वाचते आणि हसते. म्हणते, सोबतच हायेत.

७ डिसेंबर

"मले बी एक द्या," म्हणाली. पट्टा. मी नाही म्हटलं. पाया पडते म्हणाली. नाही म्हटलं.

तिचे डोळे मंगरूंसारखे झालेत, चपला शोधत होते तेव्हाचे.

खूप विचार केला. टॅब इथे राहिला तर ती त्यांच्या मागे जाणार, आज नाही तर उद्या. टॅब मी घेऊन गेले तर ते माझ्या मागे येतील. ती वाचेल. निदान एवढं मी करू शकते. मंगरूंच्या वेळी दोन दिवस थांबले होते, आता एकही नाही.

दहा पावलांना बारा.

८ डिसेंबर, पवनी

सकाळी अकराच्या एसटीने आले. पिशवी जमुनाबाईनेच उचलली, स्टॉपपर्यंत. वाटेभर रडत होती, टॅब ठेवून जा म्हणत होती. मी ऐकलं नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीला धरून उभी होती. मला वाटलं, ही वाचली. खरंच वाटलं.

पवनीत ओळखीच्या बाईंची वरची खोली मिळाली आहे. घरचे सगळे शेतावर. खाली कुलूप. मी बाहेरचा जिना चढले, अठरा पायऱ्या. टॅब उघडला.

चौदा, पंचवीस. हिरव्या. आलेत माझ्यासोबत. हे मला अपेक्षित होतं. 

दुपारी साडेतीन

जादाचे पट्टे मोजले. तीन हवेत. दोन आहेत. सव्वीस नंबर नाही.

जमुनाबाईने पिशवी उचलली होती —

चार

टॅबवर नवी ओळ. सव्वीस. नाव नाही. दोनशे बारा.

हिरवी.

ती पुढच्या गाडीने आली असेल. मला परत न्यायला आली असेल. असंच असणार. खिडकीतून पाहिलं, गल्लीत ऊन आहे, कोणी नाही. हाक मारली, जमुनाबाई, वर या. दार उघडं ठेवलं. खरं सांगते, आनंद झाला मला.

चार दहा

मास्तरांचा फोन. जमुनाबाईला दीड वाजता तलावातून काढलं. मनगटावर पट्टा होता. विचारत होते, म्याडम, हा तुम्ही दिला का.

मी नाही —

चार वीस

खाटेवर बसले आहे. पाय वर घेतलेत. तिन्ही आकडे थांबलेत, सव्वीसचा दोनशे चाळीसवर. मी थांबले म्हणून थांबलेत.

दारापर्यंत सात पावलं. जिना, अठरा. मी सात चालले तर त्यांची किती — ते आता किती जवळ — मोजता येत नाही. मगाशी खिडकीपर्यंत जाऊन आले. जायला नको होतं.

हलायचं नाही. बसून राहायचं. मंगरू बसून होते तोवर जिवंत होते. मीच त्यांना उठ म्हटलं.

चार पन्नास

पायाला मुंग्या आल्यात. खाली अजून कोणी आलेलं नाही. तहान —

उशीला ओल लागलीय. मी नाही टेकले उशीला.

आकडे पाहिले. मी हललेली नाही. एक पाऊलही नाही. सव्वीसचा दोनशे चाळीस होता. आता दोनशे एक्केचाळीस. चौदा —